शिडाला भोके ठेवणेबाबत

वारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो कुणाच्या बापाचा नाही, त्याला कुंपण नाही, सातबारा नाही, आणि त्याच्यावर आजवर एकही अतिक्रमण नोंदलेलं नाही. इतकी मोकळी मालमत्ता कुठल्याही खात्याच्या ताब्यात न येता शतकानुशतकं वाहत राहिली, ही प्रशासनाच्या दृष्टीने खेदाची बाब होती. ती त्रुटी मीरा-भाईंदरमध्ये दूर झाली. याचा मला इथला रहिवासी म्हणून आणि ‘खाडी व किनारी मालवाहतूक पवनसाह्य प्राधिकरणा’चा माहिती सहायक म्हणून दुहेरी अभिमान आहे. (पगार एकेरी आहे.)

विषय थोडक्यात असा. जगातली मोठमोठी मालवाहू जहाजं पुन्हा वाऱ्याकडे वळतायत. कुणी डेकवर उंच फिरते खांब उभे केलेत, कुणी विमानाच्या पंखासारखी ताठ शिडं लावलीत, कुणी तर जहाजापुढे भलामोठा पतंग उडवतं. इंजिन चालूच राहतं, वारा नुसता हातभार लावतो, तेवढंच इंधन वाचतं आणि धूर कमी होतो. माणसाने आधी शिडांवर जग पालथं घातलं, मग शिडं फेकून इंजिनं बसवली, आणि आता इंजिनाच्या जोडीला परत शिडं बसवतोय. आमच्याकडे रस्त्याचं असंच असतं, आधी डांबर, मग खोदकाम, मग पुन्हा डांबर. त्यामुळे ही कल्पना इथल्या अधिकाऱ्यांना समजावून सांगावी लागली नाही.

अभ्यासाशिवाय कुठलीही योजना राबवायची नाही, असं आमचे मुख्य कार्यकारी अधिकारी गुणवंत टेकाळे साहेब यांचं धोरण आहे. परदेश दौऱ्याचा प्रस्ताव वित्त शाखेने परत पाठवल्यामुळे अभ्यासगट माथेरानला गेला. माथेरानला समुद्र नाही, पण वारा पुष्कळ आहे, आणि प्रश्न वाऱ्याचाच होता. अहवालात तीन निष्कर्ष आहेत : (१) वारा अस्तित्वात आहे, (२) तो डोंगरावर जास्त आहे, (३) सबब, मीरा-भाईंदर सपाट असल्याने येथे उपाययोजनेची अधिक गरज आहे. (चपलांच्या खरेदीचा उल्लेख परिशिष्टात आहे.)

मग ‘शीड अभियंता’ असं एक कंत्राटी पद निर्माण झालं. मुदत : योजनेचे नियम अंतिम होईपर्यंत. त्या पदावर पंचशीला गायसमुद्रे आली. घर पेणकरपाड्याला, मूळ लातूरकडचं, शिक्षण जहाजबांधणीचं. मुलाखतीत समितीने तिला एकच प्रश्न विचारला, पोहता येतं का. तिने नाही म्हणून सांगितलं. समितीला तिचा प्रामाणिकपणा आवडला, शिवाय आडनावातच समुद्र होता.

पहिल्या दिवशी ती धक्क्यावर उभी राहून बोट तोंडात ओलं करून वर धरत होती. सुरक्षारक्षकाला वाटलं, मॅडम बोलण्याची परवानगी मागतायत. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सर, दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो बघा. आपलं जहाज जातं दक्षिणेला. म्हणजे वारा रोज पाठीवर हात ठेवायला तयार आहे, आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. मला एकदा तरी ते शीड पोटभर फुगलेलं बघायचंय.” सरकारी आवारात इतक्या आवडीने कुणी कामाविषयी बोललं की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. मी विषय बदलून कँटीन दाखवलं.

प्रयोगासाठी निवडलेल्या जहाजाचं नाव ‘अनसूया’. ते भाईंदरच्या खाडीतून निघतं आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरात रिकामं होतं. जाताना सिमेंट आणि लाद्या नेतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘गावचा माल’ नेतं. मीरा रोडच्या कुठल्याही कोकणी घरात नवीन सोफा आला की जुना फेकत नाहीत, गावी पाठवतात. दार न लागणारं कपाट, बर्फ न धरणारा फ्रिज, एका बाजूला झुकलेला पलंग, हे सगळं गावाला चालतं अशी श्रद्धा आहे. ‘अनसूया’ ही श्रद्धा आठवड्यातून एकदा वाहून नेते. जहाजाचा ताबा मुर्धा गावच्या विठू तांडेलांकडे आहे. त्यांना शीड म्हणजे काय ते सांगितल्यावर त्यांनी एकच शंका विचारली.

“सावली परंल का?”

पडेल म्हटल्यावर त्यांचा योजनेला पाठिंबा मिळाला.

पुढचा प्रवास कागदावरचा आहे. पंचशीलाने ‘जहाजावर शीड बसवणे’ असा प्रस्ताव दिला. टंकलेखन शाखेला ‘शीड’ हा शब्द अशुद्ध वाटला आणि त्यांनी तो सुधारून ‘शेड’ केला. आमच्या भागात पत्र्याच्या शेडशी प्रत्येकाचा कधी ना कधी संबंध येतो, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. प्रस्ताव सरळ अनधिकृत बांधकाम शाखेकडे गेला. त्या शाखेने ‘अनसूया’च्या कप्तानाच्या केबिनवर नोटीस चिकटवली की सदर शेड सात दिवसांत काढून टाकावी. आठव्या दिवशी पथक आलं, शेड दिसली नाही, आणि ‘निष्कासनाची कारवाई शांततेत पूर्ण’ असा अहवाल गेला. त्या वर्षी शाखेची शंभर टक्के यशस्वी झालेली ही एकच कारवाई होती.

शब्द दुरुस्त होऊन प्रस्ताव खरेदी शाखेकडे आला, तर आमच्या दरसूचीत ‘शिडी’ आहे, ‘शीतपेटी’ आहे, पण मधे ‘शीड’ नाही. दरसूचीत नसलेली वस्तू विकत घेता येत नाही. तेव्हा खरेदी शाखेने वर्णनावरून शोध घेतला : मजबूत कापड, चौकटीवर ताणलेले, उघड्यावर वाऱ्यात टिकणारे, उभारणी व उतरवणीसह. हे वर्णन दरसूचीतल्या एकाच वस्तूला तंतोतंत लागू पडलं, ती म्हणजे ‘शुभेच्छा फलक (मोठा)’. म्हणजे ज्याला आपण बॅनर म्हणतो ते.

एकदा बॅनर म्हटल्यावर पुढचं ओघाने आलं. फोटो नसलेल्या बॅनरचं बिल मंजूर होत नाही, असा नियम आहे. त्यामुळे शिडावर मध्यभागी प्राधिकरणाचे अध्यक्ष महोदय, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन उपाध्यक्ष, खाली सदस्य, त्याखाली ‘इच्छुक’ आणि अगदी तळाला बोटभर जागेत मार्गदर्शक म्हणून टेकाळे साहेब, अशी रचना ठरली. एवढे चेहरे मूळ आराखड्यात मावेनात म्हणून शीड सव्वापट मोठं केलं. (आराखडा वाढण्याचं तांत्रिक कारण फाइलमध्ये ‘लोकसहभाग’ असं दिलंय.)

“सर, शिडावर फोटो?” पंचशीलाने विचारलं.

“मॅडम,” टेकाळे साहेब समजुतीने म्हणाले, “वारा काय फोटो बघून परत जाणार आहे का?”

तिने वाढीव आराखड्यावर सही केली. मोठं शीड मिळतंय तर मिळू दे, असा तिने हिशेब केला असावा.

काम मिळालं साईराज गुरवला. हा मूळचा लांज्याचा, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला ‘साईराज डिजिटल’ नावाचं त्याचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, फेरनिवड, पुण्यस्मरण, दहावीत बावन्न टक्के, कशाचाही बॅनर असो, साईराजचा बॅनर फाटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बाकीच्यांचे बॅनर पहिल्या जोराच्या वाऱ्याला चिंध्या होऊन विजेच्या तारांवर लटकतात. साईराजचा बॅनर सत्कारमूर्ती पक्ष बदलेपर्यंत टिकतो. याचं रहस्य सगळ्या धंद्याला ठाऊक आहे, फक्त साईराजइतक्या मायेने ते कुणी करत नाही. बॅनर ताणून बांधला की तो ब्लेड घेतो आणि चेहरे सोडून मोकळ्या जागेत अर्धचंद्रासारख्या चिरा पाडतो. वारा आला की चिरा उघडतात, वारा पलीकडे निघून जातो, बॅनर जागच्या जागी राहतो.

‘अनसूया’चं शीड उभारल्यावर साईराज सवयीप्रमाणे शिडीवर चढला, आणि पंचशीला डबा खायला गेली होती तेवढ्यात त्याने दोनशेच्या वर चिरा पाडल्या. ती परत आली तेव्हा तो खाली उभा राहून स्वतःच्या कामाकडे लांबून बघत होता.

“साईराज, हे काय केलंस?”

“भोकं पाडली मॅडम. एकाचा चेहरा कापला नाय, बघा.”

“अरे पण का?”

“वारा अडला की बॅनर गेला ना! वाट द्यायची त्याला.”

“अरे, वारा अडवायलाच तर लावलंय हे!”

“मॅडम, अडवायचं काम पोलिसांचं,” तो म्हणाला. “आपण वाट द्यायची.”

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. बारा वर्षं वाऱ्याशी जमवून घेतलेला माणूस होता तो, आणि त्याच्या मते ही बाई वाऱ्याशी भांडण काढत होती. पंचशीला कपाळाला हात लावून धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसली. तोवर उद्घाटनाची वेळ झाली होती. नारळ फुटला, आणि दोनशे भोकांचं शीड घेऊन ‘अनसूया’ निघाली.

पहिल्या सफरीचा अहवाल मीच लिहिला. वारा उत्तम होता आणि तो शिडातून अत्यंत सुरळीतपणे पार झाला. शिडामुळे जहाजाला कोणताही वेग आला नाही, त्यामुळे वेगजन्य अपघात टळले. डिझेल नेहमीइतकंच लागलं, म्हणजे शिडामुळे खर्चात वाढ झाली नाही. शीड फाटले नाही. अध्यक्ष महोदयांची प्रतिमा सर्व बंदरांतून सुस्पष्ट दिसली. विठू तांडेलांचा अभिप्राय ‘सावली बरी हाय, पन चालनीची हाय’ असा होता, त्यातला पहिला अर्धा भाग मी अहवालात घेतला. टेकाळे साहेबांनी सहीच्या वर ‘अभिनंदनीय’ असं लिहिलं.

पंचशीला त्यांना भेटली. शीड काहीच काम करत नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, “काहीच काम न करता टिकून राहणं सोपं नसतं, मॅडम.” हे त्यांनी अनुभवावरून सांगितलं असावं.

यानंतर तिने जे केलं ते नियमात बसत नाही, पण मी तेव्हा शीड ‘धुण्यासाठी उतरवले’ अशी नोंद केली आणि टेम्पो मिळवून दिला. का, ते मला सांगता येणार नाही. रविवारी सकाळी पेणकरपाड्याला तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शीड अंथरलं गेलं. तिची आई भीमाबाई दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन अध्यक्ष महोदयांच्या खांद्यावर बसल्या. त्यांनी उभा जन्म लोकांचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवलेत.

“आधी भोकं पाडायची अन् मंग शिवायला घरी आणायचं,” त्या म्हणाल्या. “हे असलं हापीस हाय व्हय गं तुझं? अन् पगार कोणत्या कामाचा देत्यात, फाडायचा का शिवायचा?”

“आई, टाका जवळ घे.”

“मला नको शिकवू. ह्यो माणूस कोण म्हणायचा? ह्याच्या कानामागं लई फाटलंय.”

बिल्डिंगमधली माणसं खाली येऊन बघून जात होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी “भाभी, शादी का मंडप है क्या?” असं विचारलं. आणि थोड्या वेळाने साईराज आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो तोंड पाडून उभा राहिला. “मॅडम, फाटलं तर माझं नाव जाईल,” म्हणाला. मग तो स्कूटरवरून जुन्या बॅनरचे तुकडे घेऊन आला, ठिगळांसाठी, आणि संध्याकाळपर्यंत चिकटवत बसला. ठिगळं त्याने नजरेआड येतील अशी मागून लावली. तरी एक पुढून लावावं लागलं, त्यामुळे अध्यक्ष महोदयांच्या डोक्याशेजारी ‘भावपूर्ण’ एवढीच अक्षरं दिसत होती.

दुसऱ्या सफरीला मी जहाजावर होतो. दुपारी खाडीचं तोंड मागे पडलं, वायव्येचा वारा आला आणि शीड फुगलं. मी आयुष्यात बऱ्याच योजनांचे अहवाल लिहिलेत, पण त्यातली एखादी चालताना प्रथमच पाहत होतो. जहाज किंचित कललं आणि पायाखाली काहीतरी हलकं झालं. विठू तांडेल केबिनमधून बाहेर आले, वर बघितलं, परत आत जाऊन इंजिन कमी केलं आणि पुन्हा बाहेर आले.

“आगो बाय! इंजान निजलंय, तरी व्हरी धावतेय!” (व्हरी म्हणजे होडी.)

पंचशीला कठड्याला धरून उभी होती. ती हसत होती, आणि मला वाटतं थोडी रडतही होती. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, असं तिने सांगितलं. मला फार आनंद झाला होता, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण अहवालात त्याला जागा नव्हती.

डिझेल जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी लागलं. शीड फाटलं नाही. त्यामुळे चौकशी लागली.

चौकशीत आढळलेले दोष असे. जहाज वेळेआधी पोचलं, तेव्हा ढोलवाले जेवत होते आणि स्वागतासाठी मोटारीने निघालेले टेकाळे साहेब अजून महामार्गावर होते, सबब स्वागत करणाऱ्यांच्या आधी सत्काराची वस्तू हजर झाली. शिवाय मंजूर केलेलं डिझेल शिल्लक राहिलं. शिल्लक ठेवण्याची टाकी आमच्याकडे आहे, पण शिल्लक दाखवण्याचा रकाना नाही, आणि शिल्लक दाखवणाऱ्याला पुढच्या वर्षी कमी मिळतं. तरी हे दोन्ही दोष पोटात घालता आले असते. तिसरा गंभीर होता. वाऱ्याने शीड फुगलं तेव्हा मधोमध असलेले अध्यक्ष महोदयही फुगले. बंदरावरच्या कुणीतरी फोटो काढला. त्यात महोदयांना दोन्ही बाजूंनी गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं, कपाळ मात्र आत गेलेलं, आणि बाजूला ‘भावपूर्ण’. कडेला चौकटीपाशी असलेले उपाध्यक्ष, जिथे कापड फुगत नाही, ते नेहमीपेक्षा देखणे आले होते. उपाध्यक्षांनी तो फोटो सर्वांना पाठवला.

पंधरवड्यात मसुदा नियम निघाला : ‘पवनसाह्य जहाजांच्या शिडास प्रति चौरस मीटर किमान दोन वायुवीजन छिद्रे ठेवणे बंधनकारक राहील.’ कारण, जनसुरक्षा. हा नियम अंतिम झाला की योजनेचे सगळे नियम पूर्ण होत होते आणि शीड अभियंत्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती. भोकांचं शीड टांगायला अभियंता लागत नाही, साईराज पुरतो.

पण आपली लोकशाही आहे. मसुदा नियमावर जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. निदान दहा नागरिकांनी सुनावणीला स्वतः येऊन हरकत सांगितली तर नियम पुनर्विचारासाठी परत जातो, आणि तोपर्यंत अभियंताही राहतो. पंचशीला कर्मचारी, तिची हरकत धरत नाहीत. भीमाबाई नातेवाईक, त्यांचीही नाही.

तर ही मुलगी ऑफिस सुटल्यावर घरोघरी हिंडायला लागली. फुगलेल्या शिडाचा फोटो सगळ्यांनी आधीच पाहिला होता. सोसायट्यांमध्ये लोक पोट धरधरून हसत होते. “एकदम बरोबर बोलताय मॅडम,” म्हणत होते, “भोकं पाडतात म्हणजे काय, मूर्खपणा आहे!” चहा देत होते, आणि सुनावणीच्या दिवशी नेमकं लग्न असल्याचं सांगत होते. नया नगरमध्ये निवृत्त शिक्षक अन्सारी सरांनी मात्र तिचं सगळं ऐकून घेतलं, कागदावर शीड काढायला लावलं, वारा कुठून येतो ते समजून घेतलं. “बेटा, मैं आऊंगा,” म्हणाले, “और दो-चार को लेकर आऊंगा.” ‘गावचा माल’ पाठवणारी कोकणातली काही मंडळी तयार झाली. भाईंदरचे एक हार्डवेअरवाले शहाभाईही हो म्हणाले, त्यांच्या लाद्या ‘अनसूया’वरून जातात.

सुनावणीला अकरा नागरिक आले. आमच्या प्राधिकरणाच्या इतिहासात सुनावणीला अकरा नागरिक कधीच आले नव्हते, खुर्च्या बाहेरून मागवाव्या लागल्या. पंचशीला शेवटच्या रांगेत बसली होती आणि बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होती. भीमाबाई दाराबाहेर उभ्या होत्या. टेकाळे साहेब अध्यक्षस्थानी, आणि इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे.

कामकाज सुरू होण्याआधीच साईराज उठला. “साहेब, माझी पण घ्या. भोकं मीच पाडली. पण मी फुगलेल्या शिडाचा फोटो बघितला. बॅनरला पाडायची, याला नाय. हा बॅनर नाय.”

“आपण कंत्राटदार आहात,” साहेब म्हणाले. “आपलं नाव धरता येत नाही. खाली बसा.”

तो बसला, पण पंचशीलाने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने मान हलवली. अकरा जण होतेच. दहाच लागत होते.

टेकाळे साहेब उभे राहिले. त्यांनी सर्वांचं स्वागत केलं. इतक्या उन्हातून आपण आलात, म्हणाले, आधी चहा घेऊ, मग एकेकाचं म्हणणं ऐकू. “फक्त चहा जरा उशिरा येतोय. थोडं थांबावं लागेल. चालेल ना?”

आमच्याकडची माणसं भली आहेत. समोरचा असा नम्रपणे बोलल्यावर अकराही जणांनी हात हलवत, मान डोलवत, एका सुरात म्हटलं, “हरकत नाही, हरकत नाही!”

अन्सारी सर म्हणाले, “कोई हर्ज नहीं, साहब.”

शहाभाई म्हणाले, “कंई वांधो नहीं.”

“लिहून घ्या,” टेकाळे साहेब मला म्हणाले.

मी लिहून घेतलं. ‘उपस्थित सर्व नागरिकांनी एकमुखाने हरकत नसल्याचे सांगितले.’ हिंदी आणि गुजरातीतून आलेल्या निवेदनांचं मराठी भाषांतरही केलं. ते शब्दशः तेच होतं.

पंचशीला ताडकन उठली. “सर, ते चहाला म्हणतायत!”

“मॅडम, नागरिकांच्या तोंडात शब्द घालू नका,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात चहा आला. आल्याचा होता, सोबत नानकटाई. सगळ्यांनी कप घेतले. काय झालं ते लोकांच्या लक्षात यायला अर्धा कप लागला. अन्सारी सर चाचरत म्हणाले, “लेकिन साहब, हमने तो चाय के लिए...” साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आपल्या भावना पोचल्या, सर. पुढच्या वेळी नक्की.” सरांनी इतरांकडे पाहिलं, इतरांनी कपाकडे. ज्याचा चहा हातात आहे त्याच्याशी भांडायचं कसं, हे कुणाला सुचेना. एकाला रिक्षा थांबवून ठेवल्याचं आठवलं. दुसरा म्हणाला, जाऊ द्या, आपलं काय जातंय. अन्सारी सर सगळ्यात शेवटी गेले. पंचशीलासमोर आल्यावर त्यांनी मान खाली घातली.

हॉल रिकामा झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. “काय लिहिलंत, सर?”

“जे ऐकलं ते.”

“आणि जे बघितलंत ते? जहाजावर होतात ना तुम्ही.”

मी कागद सारखे करत राहिलो. तिने टेबलावर ओळखपत्र ठेवलं आणि बाहेर जाऊन आईच्या हातातली पिशवी घेतली. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं, पण मी हे कार्यालयीन वेळेत लिहीत असल्यामुळे त्याचा विस्तार करत नाही. भोकांच्या नवीन शिडाचं काम साईराजने नाकारलं असं कळतं. दुसरा बॅनरवाला लगेच मिळाला.

आता फक्त शेवटची पायरी राहिली आहे. इतिवृत्त कायम करण्यापूर्वी ते जनतेच्या वाचनासाठी ठेवावं लागतं. ते ठेवलं आहे, तुम्ही आत्ता वाचलंत तेच ते. कोरडं लिहिलं की लोक अर्ध्यात सोडतात, म्हणून जरा गमतीने लिहा, असं टेकाळे साहेबांनी सांगितलं होतं, आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला, तुम्ही शेवटपर्यंत आलात. मधे मधे हसलात. शीड भोकांशिवायच हवं हे तुम्हाला पटलं, त्या अकरा जणांचा तुम्हाला रागही आला असेल, आपण असतो तर उठून बोललो असतो असंही मनात आलं असेल. या सगळ्याची नोंद घ्यायला माझ्याकडे रकाना नाही. रकाना एकच आहे. तुमच्या नावापुढे तो मी आजच भरून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुन्हा यायचा त्रास नको. चालेल ना?